फाटलेली नोट, नाकारलेलं नाणं

भाजीवाल्याने परत दिलेल्या पैशांत एखादी नोट अशी निघते की तिचा कोपराच गायब असतो, नाहीतर मधोमध चिकटपट्टी असते. मग आपल्याकडचा ठरलेला उद्योग सुरू होतो. चार चांगल्या नोटांच्या मध्ये ती घालायची, संध्याकाळच्या गर्दीत पेट्रोल पंपावर किंवा रिक्षावाल्याकडे सरकवायची, आणि तिथेही ती पकडली गेली तर देवळाच्या दानपेटीत टाकून पुण्य पदरात पाडून घ्यायचं. देवाला फाटकी नोट चालते, हे आपण त्याला न विचारताच ठरवून टाकलं आहे.

एवढी खटपट करणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं की तीच नोट जवळच्या बँकेत बदलून मिळते, आणि त्यासाठी त्या बँकेत खातं असावं लागत नाही. दहाचं नाणं, लिहिलेली नोट, खोटी निघालेली नोट, कपाटात सापडलेली दोन हजारची नोट यांबद्दलही असाच गोंधळ असतो. त्याचं एक कारण म्हणजे आपण या सगळ्यांना एकच नियम लावतो. प्रत्यक्षात फाटकी नोट दुकानदार नाकारू शकतो, पण ती नियमांत बसत असेल तर बँक नाकारू शकत नाही. चलनातलं नाणं मात्र दुकानदारानेही घ्यायला हवं. आणि नोट खोटी असेल तर तिचे पैसे तुम्हाला कोणीच देणार नाही. एवढं वेगळं केलं की पुढचं सोपं होतं.

आधी नोट कोणत्या प्रकारची ते ठरवा

बँकेत जाण्यापूर्वी नोट टेबलावर सपाट ठेवून नीट पाहा. नियमांच्या दृष्टीने तिची चारपैकी एका गटात वर्गवारी होते.

- मळकी नोट. वापरून जीर्ण, काळी, मऊ झालेली. नोटेचे दोनच तुकडे झाले असतील, दोन्ही त्याच नोटेचे असतील, ते जोडून नोट पूर्ण होत असेल आणि महत्त्वाचा कोणताही भाग गळालेला नसेल, तर अशी चिकटवलेली नोटही मळकीच धरतात. तिची पूर्ण किंमत मिळते.
- फाटकी नोट. जिचा काही भाग हरवला आहे किंवा जिचे दोनापेक्षा जास्त तुकडे झाले आहेत ती. हिची किंमत मोजमापावर ठरते.
- धुतली गेलेली, रंग उडालेली, आकसलेली नोट. तिच्यावरचा मजकूर पूर्णपणे पुसला गेला नसेल आणि नोट खरी असल्याची तपासणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर पूर्ण पैसे मिळू शकतात.
- जळालेली, कोळसा झालेली, एकमेकींना घट्ट चिकटलेली किंवा हात लावताच भुगा होणारी नोट. ती बँकेची शाखा घेत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातच जावं लागतं.

खिशात राहून धुलाई यंत्रातून निघालेली नोट बहुधा धडधाकट बाहेर येते, कारण आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो, लाकडाच्या लगद्याचा नसतो. ती सावलीत वाळवा. इस्त्री फिरवायचा मोह आवरा.

फुटपट्टी घ्या आणि मोजा

फाटक्या नोटेचे किती पैसे मिळतील हे कॅशियरच्या मूडवर अवलंबून नसतं. रिझर्व्ह बँकेचे नोट परताव्याचे नियम २००९ चे आहेत, त्यांत २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. त्यांतली मुख्य कसोटी एकच आहे: नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा केवढा आहे. चिकटवलेल्या सगळ्या तुकड्यांची बेरीज धरत नाहीत. सर्वांत मोठा एक तुकडा धरतात.

१, २, ५, १० आणि २० रुपयांच्या नोटांसाठी:

- तो तुकडा नोटेच्या निम्म्याहून मोठा असेल तर पूर्ण किंमत.
- निम्मा किंवा त्याहून लहान असेल तर काही नाही. या नोटांना अर्धी किंमत हा प्रकारच नाही.

५० रुपये आणि त्यावरच्या नोटांसाठी:

- तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण किंमत.
- ४० ते ८० टक्के असेल तर अर्धी किंमत.
- ४० टक्क्यांपेक्षा लहान असेल तर दावा नामंजूर.

या मोठ्या नोटांना एक सवलत आहे, आणि ती बऱ्याच कॅशियरांनाही आठवून द्यावी लागते. एकाच नोटेचे दोन तुकडे असतील आणि त्यातला प्रत्येक तुकडा ४० टक्के किंवा त्याहून मोठा असेल, तर पूर्ण किंमत मिळू शकते. म्हणजे पाचशेची नोट मधोमध फाटली आणि मधली बारीकशी चीर हरवली, तर अडीचशेवर समाधान मानण्याचं कारण नाही.

आता टक्के घरी कसे मोजायचे? सध्याची पाचशेची नोट १५ सेंटीमीटर लांब आणि ६.६ सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे क्षेत्रफळ ९९ चौरस सेंटीमीटर. पूर्ण किमतीसाठी त्यातले ८० चौरस सेंटीमीटर सलग हवेत, अर्ध्या किमतीसाठी ४०. सरळ हिशेब असा की नोटेच्या एका टोकाची पूर्ण रुंदीची पट्टी गेली असेल आणि ती पट्टी जेमतेम पावणेतीन सेंटीमीटरपर्यंत असेल, तर पाचशेच्या पाचशे मिळायला हवेत. उरलेला तुकडा सव्वासहा सेंटीमीटर लांबीचा असला तरी अडीचशे सुटतात. फक्त कोपरा गेला असेल तर काळजीचं काही नाही. कोपरा डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा क्षेत्रफळात फारच कमी भरतो. जांभळट शंभरची नोट १४.२ सेंटीमीटर लांब आहे, दोनशेची १४.६. रुंदी दोघींचीही ६.६ सेंटीमीटरच. हाच हिशेब त्यांनाही लावा.

वीसची नोट, जिच्या मागे आपली वेरूळची लेणी आहेत, ती १२.९ सेंटीमीटर लांब आहे. तिचा साडेसहा सेंटीमीटरहून मोठा सलग तुकडा हातात असेल तर वीस रुपये मिळतील. पण तिचे तीन तुकडे झाले असतील आणि एकही निम्म्याहून मोठा नसेल, तर तिन्ही चिकटवून उपयोग नाही.

चिकटवताना काय टाळाल

- दोन वेगवेगळ्या नोटांचे अर्धे भाग जोडू नका. हल्लीच्या नोटेवर क्रमांक दोन ठिकाणी असतो, डावीकडे वर आणि उजवीकडे खाली. ते जुळले नाहीत की काउंटरवर तुमच्या हेतूबद्दलच प्रश्न उभा राहतो.
- क्रमांकावर जाड, धुरकट चिकटपट्टी लावू नका. पारदर्शक पट्टीचा बारीक तुकडा पुरतो. बँकेतच द्यायची असेल तर तुकडे न चिकटवता पाकिटात घालून नेलेलं उत्तम.
- फाटलेल्या कडा कात्रीने 'सरळ' करू नका. मुद्दाम कापलेली किंवा फेरफार केलेली नोट नाकारण्याचा बँकेला अधिकार आहे, आणि नीटनेटकी कापलेली कड संशय वाढवते.

काउंटरवर काय व्हायला हवं

नोटा बदलून देण्याची सेवा बँकांच्या शाखांनी जनतेला द्यायची आहे, फक्त स्वतःच्या खातेदारांना नव्हे. लघुवित्त बँका आणि पेमेंट बँका यांना फाटक्या नोटांच्या बाबतीत ही सेवा ऐच्छिक आहे, म्हणून सरळ एखाद्या राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत जा. या नोटा इथे स्वीकारून बदलून दिल्या जातात असा फलक शाखेत ठळक जागी लावावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. फलक दिसला तर संभाषणाची सुरुवात तिथूनच करा.

मळक्या नोटा दिवसाला २० पर्यंत आणि एकूण ५,००० रुपयांपर्यंत असतील तर काउंटरवर, तिथल्या तिथे, विनाशुल्क बदलून मिळतात. त्याहून जास्त असतील तर बँक पावती देऊन नोटा ठेवून घेते, रक्कम नंतर खात्यात जमा करते आणि सेवाशुल्क लावू शकते. रक्कम ५०,००० च्या वर असेल तर ओळखपत्र वगैरे विचारलं जाईल, ते साहजिक आहे.

फाटक्या नोटांचं थोडं वेगळं. पाचपर्यंत असतील तर शाखेनेच तपासून पैसे द्यायचे. त्या शाखेला निर्णय करता आला नाही तर पावती देऊन त्या करन्सी चेस्ट असलेल्या शाखेकडे पाठवायच्या आणि ३० दिवसांच्या आत पैसे द्यायचे. पाचाहून जास्त नोटा असतील तर तुम्हीच करन्सी चेस्टच्या शाखेत गेलेलं बरं. अशा शाखांमध्ये रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटांचा साठा ठेवलेला असतो आणि तिथल्या अधिकाऱ्यांच्या हाताखालून रोज फाटक्या नोटा जातात, त्यामुळे हुज्जत कमी होते. तुमच्या भागातली अशी शाखा कोणती, हे कोणत्याही मोठ्या शाखेच्या व्यवस्थापकाला ठाऊक असतं.

सकाळी बँक उघडल्याबरोबर किंवा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका. पेन्शनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांसमोर तुम्ही फाटक्या नोटेचं क्षेत्रफळ समजावून सांगू लागलात, तर नियम तुमच्या बाजूने असूनही सहानुभूती मिळणार नाही.

"आमच्याकडे होत नाही" असं ऐकलं तर

हे वाक्य ऐकू येतंच. तेव्हा आवाज चढवू नका, पायरीपायरीने जा.

1. शाखा व्यवस्थापकाला भेटा आणि नकार लेखी मागा. पुष्कळदा काम इथेच होतं, कारण नोटा बदलून न देणाऱ्या शाखेला रिझर्व्ह बँक दंड करू शकते आणि व्यवस्थापकाला ते माहीत असतं.
2. तरी काही झालं नाही तर बँकेकडे लेखी किंवा ई-मेलने तक्रार करा. तारीख, शाखा, नोटेची किंमत आणि क्रमांक लिहा. नोटेचा फोटो जोडा.
3. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन करता येते, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

एका वीसच्या नोटेसाठी कोणी एवढं करणार नाही, हे उघड आहे. पण किराणा दुकान, पतपेढी, मंदिराचा ट्रस्ट, भिशी चालवणाऱ्या बायका यांच्याकडे वर्षभरात अशा नोटांचा गठ्ठा साठतो, आणि तो बहुतेक वेळा बाजारातल्या कमिशनवाल्याकडे जातो. तो शंभराच्या नोटेमागे आपला वाटा कापून घेतो आणि बाकीचे हातावर ठेवतो. पूर्ण किंमत मिळणारी मळकी नोट त्याला विकणं म्हणजे निव्वळ नुकसान. जी नोट बँकेत अर्ध्या किमतीला जाईल तिच्याबाबत तरी आधी फुटपट्टी लावा, मग ठरवा.

एक कायदेशीर बारकावा जाता जाता. रिझर्व्ह बँक कायदा १९३४ च्या कलम २८ नुसार हरवलेल्या, चोरलेल्या किंवा फाटलेल्या नोटेची किंमत परत मागण्याचा कोणालाही हक्क म्हणून अधिकार नाही. परतावा दिला जातो तो 'कृपा' म्हणून. मात्र ती कृपा कोणत्या नोटेवर, किती करायची हे नियमांनी बांधून दिलं आहे. काउंटरवरच्या माणसाची त्यात मर्जी चालत नाही. दुकानदाराला या नियमांनी बांधलेलं नाही. म्हणून फाटकी नोट त्याने घेतली नाही तर त्याच्याशी भांडू नका.

लिहिलेली, रंग लागलेली, तारा असलेली

नोटेवर पेनाने आकडा, नाव किंवा बदाम काढला म्हणून ती बाद होत नाही. अशी नोट मळक्या नोटेत धरली जाते आणि बँकेत चालते. अपवाद एकच: तिच्यावर घोषणा किंवा राजकीय अथवा धार्मिक संदेश लिहिलेला असेल तर परताव्याचा दावा नाकारला जातो. निवडणुकीच्या मोसमात हे लक्षात ठेवा.

क्रमांकाच्या मध्ये तारा असलेली नोट पाहून अनेक जण दचकतात. छपाईत सदोष निघालेल्या नोटेच्या जागी गड्डीत जी बदली नोट घालतात, तिच्यावर तो तारा असतो. २००६ पासून लहान नोटांमध्ये ही पद्धत आहे. ती नोट इतर कोणत्याही नोटेइतकीच खरी आहे, हे रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

नोटांना टाचणी किंवा स्टेपल मारू नका. बँकांना तर त्याची मनाईच आहे. लग्नात नोटांचे हार घालू नयेत असंही रिझर्व्ह बँक सांगते. ती विनंती आहे, गुन्हा नव्हे. आहेराच्या पाकिटाला चिकटवलेल्या रुपयाच्या नाण्याबद्दल अजून कोणी काही बोललेलं नाही.

पूर, आग, वाळवी

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा कपाटातल्या धान्याच्या डब्यांत ठेवलेल्या नोटांचा लगदा झालेली घरं पुष्कळ होती. शेतमाल विकून आलेली रोकड, मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रोकड. अशा वेळी घाई सर्वांत जास्त नुकसान करते.

- ओल्या नोटांचा गठ्ठा जबरदस्तीने सोडवू नका. वरून जेवढ्या आपोआप सुटतील तेवढ्याच काढा, त्या जुन्या सुती कापडावर सावलीत पसरा. क्रमांक वाचता येत असेल तर अर्धी लढाई जिंकलीत.
- सुटत नसलेला गठ्ठा तसाच वाळू द्या. तो बँकेच्या शाखेचा विषय नाही, रिझर्व्ह बँकेचा आहे.
- जळालेल्या नोटा ज्या डब्यात असतील त्या डब्यासकट उचला. फुंकर मारून राख उडवू नका, दुमडलेल्या नोटा उलगडू नका. कापूस घालून डबा घट्ट बंद करा. उलगडताना जो तुकडा पडतो तोच तुम्हाला हवा असतो.
- वाळवी किंवा उंदराने कुरतडलेल्या नोटा असतील तर डब्याच्या तळाचा चुराही सोबत न्या.
- पुराचा किंवा आगीचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत ठेवा. जळालेल्या, चिकटलेल्या नोटांचा निर्णय दावा खरा असल्याची खात्री झाल्यावरच होतो, तिथे हा कागद कामी येतो.

महाराष्ट्रात रिझर्व्ह बँकेची नोटा हाताळणारी कार्यालयं मुंबई, बेलापूर आणि नागपूर इथे आहेत. गोव्यात असं कार्यालय नाही. तिथल्या वाचकांना मुंबई-बेलापूर किंवा बंगळुरू गाठावं लागेल. जाण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्या, आणि ओळखपत्र, खात्याचा तपशील, रद्द केलेला चेक सोबत ठेवा.

दहाचं नाणं का नाकारतात?

याचं खरं कारण अफवा आहे. नाण्यावर दहा रेषा असतील तर खरं, पंधरा असतील तर खोटं, रुपयाचं चिन्ह नसेल तर खोटं, अशा गोष्टी वर्षानुवर्षं फिरत आल्या आहेत. वस्तुस्थिती अशी की दहाच्या नाण्याचे निरनिराळे नमुने वेळोवेळी काढले गेले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने असे १४ नमुने मोजून दाखवले आणि सगळे चलनात आहेत असं सांगितलं. रुपयाचं ₹ हे चिन्हच मुळी जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यांवर ते असणं शक्यच नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेलं वीसचं बारा कोनांचं नाणंही पूर्णपणे चलनी आहे. आणि हो, पन्नास पैसेसुद्धा. बंद झाले ते पंचवीस पैसे आणि त्याखालचे, ३० जून २०११ पासून.

दुकानदाराने हट्ट धरला तर त्याला १४४४० हा टोल-फ्री क्रमांक द्या. रिझर्व्ह बँकेने दहाच्या नाण्यांची माहिती ऐकवण्यासाठी तो सुरू केला. नाणं नाकारणाऱ्यावर राजद्रोहाचा खटला चालतो, असे निरोप मोबाइलवर फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका. धमकीपेक्षा "बँक हे नाणं घेते, तुम्हीही तिथे भरू शकता" हे वाक्य जास्त उपयोगी पडतं. दुकानदाराची भीती नाणं खोटं असल्याची क्वचितच असते. ते आपल्या गल्ल्यात अडकून पडेल, ही त्याची खरी भीती.

ती भीती तशी अनाठायी आहे, कारण बँकेत नाणी भरायला मर्यादा नाही. एक-दोन रुपयांची नाणी शक्यतो शंभर-शंभरच्या पिशव्या करून न्या, वजन करून घेणं बँकेलाही सोपं जातं. दुकानातल्या व्यवहाराला मात्र मर्यादा आहे. नाणे कायदा २०११ नुसार रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंतच कायदेशीर देणं ठरतात, पन्नास पैशांची नाणी फक्त १० रुपयांपर्यंत. गोण्या भरून चिल्लर नेऊन स्कूटर विकत घेतल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथे विक्रेत्याने मोठ्या मनाने नाणी घेतली होती, त्याच्यावर सक्ती नव्हती.

सुट्ट्यांऐवजी हातावर ठेवलेलं चॉकलेट घ्यायला तुम्ही बांधलेले नाही. यूपीआय आल्यापासून हा वाद बराच मिटला आहे, तरी औषधाच्या दुकानांत अजून तो भेटतो.

नोट खोटी निघाली तर

इथे तुमच्या बाजूने फारसं काही नाही. बँकेच्या काउंटरवर तुमची नोट खोटी ठरली तर ती तुम्हाला परत मिळणार नाही. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करतात, आणि तिचे पैसे मिळत नाहीत. मात्र पावती मिळायलाच हवी, ती मागून घ्या. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा सापडल्या तर बँक पोलिसांना महिन्याच्या शेवटी एकत्रित कळवते, पाच किंवा जास्त सापडल्या तर गुन्हा नोंदवण्यासाठी पोलिसांकडे जाते. अजाणतेपणी एखादी खोटी नोट घेऊन बँकेत गेलात म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. खोटी आहे हे कळल्यावर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणं मात्र भारतीय न्याय संहितेखाली गंभीर गुन्हा आहे. फाटकी नोट खपवणं आणि खोटी नोट खपवणं यांत हा फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

पाचशेची नोट घेताना एवढं पाहिलं तरी पुरे:

- नोट तिरपी केली की सुरक्षा धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होतो. खाली उजवीकडचा ₹५०० हा आकडाही तसाच रंग बदलतो.
- क्रमांकातले अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात.
- दोन्ही कडांना पाच-पाच तिरक्या उठावदार रेघा बोटाला जाणवतात. शंभर आणि दोनशेच्या नोटेवर त्या चार असतात.
- उजेडात धरली की गांधीजींची जलचिन्हातली प्रतिमा दिसते.

धागा गव्हर्नरच्या सहीजवळ नसून गांधीजींच्या चित्राजवळ असेल तर नोट खोटी, हा निरोप तुम्हालाही आला असेल. तो चुकीचा आहे, दोन्ही प्रकारच्या नोटा खऱ्या आहेत. दृष्टिहीन व्यक्तींसाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये 'मणी' नावाचं मोफत मोबाइल ॲप काढलं. ते नोट किती रुपयांची आहे हे बोलून सांगतं, पण खरी की खोटी हे सांगत नाही.

एटीएममधून संशयास्पद नोट आली तर तिथून हलण्याआधी ती कॅमेऱ्यासमोर दोन्ही बाजूंनी धरा, पहारेकरी असेल तर त्याच्या वहीत नोंद करा, स्लिप जपून ठेवा आणि लगेच त्या बँकेला कळवा. घरी येऊन दुसऱ्या दिवशी गेलात तर ती नोट त्याच यंत्रातून आली हे सिद्ध करणं तुमच्या हातात राहत नाही.

कपाटात सापडलेल्या नोटा

आजीच्या ट्रंकेत, पुस्तकाच्या पानांत, देवघराच्या ड्रॉवरमध्ये अजून दोन हजारच्या नोटा निघतात. १९ मे २०२३ रोजी त्या चलनातून काढून घेण्याचं जाहीर झालं, पण त्या रद्द झालेल्या नाहीत. बँकेच्या शाखांत त्या ७ ऑक्टोबर २०२३ पर्यंतच घेतल्या जात होत्या. आता त्या रिझर्व्ह बँकेच्या १९ ठरावीक कार्यालयांत नेता येतात. रोख बदलून हवी असेल तर एका वेळी २०,००० रुपयांपर्यंत, खात्यात जमा करायची असेल तर मर्यादा नाही. प्रवास टाळायचा असेल तर कोणत्याही टपाल कार्यालयातून त्या रिझर्व्ह बँकेला पाठवून रक्कम खात्यात जमा करून घेता येते. सोबत भरलेला अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि खात्याचा तपशील लागतो. दक्षिण कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर एक-दोन नोटांसाठी टपालाचाच मार्ग धरा.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे आणि हजारच्या नोटांची गोष्ट वेगळी. त्यांचे पैसे आता मिळत नाहीत. उलट २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा जास्त अशा नोटा बाळगणं दंडास पात्र आहे. अभ्यास किंवा नाणकसंग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. आठवण म्हणून दोन-चार ठेवायला हरकत नाही.

"तुमच्या जुन्या नोटेचे पाच लाख"

शेवटी एक सापळा, कारण वयस्कर वाचक त्यात सर्वाधिक अडकतात. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचची जुनी नोट, ७८६ ने संपणारा क्रमांक, वैष्णोदेवीचं नाणं यांना लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. तुम्ही फोटो पाठवता, 'खरेदीदार' लगेच तयार होतो, आणि मग नोंदणी शुल्क, जीएसटी, कुरिअरचा विमा, 'रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र' अशा नावांनी तुमच्याकडूनच पैसे मागायला सुरुवात होते. रिझर्व्ह बँक अशा खरेदी-विक्रीत नसते आणि तिने कोणालाही त्यासाठी शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. दुर्मिळ नाण्यांना किंमत येते हे खरं, पण ती नाणकशास्त्र जाणणाऱ्या माणसाने नाणं हातात घेऊन पाहिल्यावर ठरते. नाणं विकणाऱ्याकडे कोणी आगाऊ पैसे मागू लागलं की तिथेच थांबा.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी, जमल्यास त्याच तासाला फोन करा. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा मोबाइल नंबर आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. शरमेपोटी ते पुसून टाकू नका, तक्रार नोंदवताना तेच लागतात.